यंत्राच्या पायातले दगड

४ जून २००१, लातूर
पुण्याहून निघताना सगळे हळहळले, पण मी खुशीत आहे. इथल्या कॉलेजातली नवी प्रयोगशाळा, नवं यंत्र, प्रयोगशाळेत डोक्यावर कुणी साहेब नाही. काम रेझिन तपासण्याचं. एकदा तापून घट्ट झालं की पुन्हा न वितळणारं, विमानाच्या भागांत वापरतात ते. त्याची पट्टी अडीचशे अंशांच्या भट्टीत यंत्राच्या जबड्यांनी धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. शेजारी कोचिंग क्लास. चारशे पोरं दिवसभर व्याख्या घोकतात. न समजता घोकणं हाच इथला मुख्य उद्योग दिसतो.

७ जून
मदतनीस ईश्वरप्पा, पन्नाशीचा. त्र्याण्णवच्या भूकंपात याची बायको आणि लेक गेल्या. लेक तर सापडलीच नाही. रोज यंत्राला हात जोडतो. म्हणाला, "साहेब, ह्याच्या पायात आमच्याच गावचे दगड हायेत. ठेकेदारानं पडक्या घरांचे आणून भरले." मी म्हटलं, दगडाला गाव नसतं.

११ जून
पट्ट्या निम्म्या जोरातच तुटतात. ताणाचा आलेख काढणारं पेन पट्टी ओढण्याआधीच हलतं. तीनदा; थांबून पुन्हा तीनदा. ईश्वरप्पाच्या मते खालून कुणीतरी ठोकतंय. या लोकांना जबड्याची ढिली पकड दिसत नाही, भुतं बरी दिसतात. प्राचार्यांना सांगून त्याला काढून टाकायला लावलं. जाताना एवढंच म्हणाला, "तिला ऐकू यील असं बोलू नका, साहेब."

१४ जून
नांदेडहून मेकॅनिक आला, भुजंग. वीज तोडली. भट्टी गार. तरी पेन हललं. तीनदा. भुजंग चहा तसाच टाकून स्टँडकडे पळाला. अडाणी. मीही मग तासभर बाहेर उभा होतो, भर उन्हात.

१६ जून
आता ठोके कानांनी ऐकू येतात. शेजारची पोरं घोकायची थांबली. स्वतः जाऊन ईश्वरप्पाला घेऊन आलो. माफी मागितली नाही.

१७ जून, दुपार
यंत्राशेजारची फरशी फोडली. ईश्वरप्पा खड्ड्यात उतरलाय. हातांनीच दगड काढतोय. "आलो, माय, आलो." ठोके थांबले. मी काठावर, वही गुडघ्यावर — कुणीतरी नोंद ठेवायला हवी —

खाली मुलीचा आवाज. हसतेय. ईश्वरप्पाही —

विचारतेय, वर कोण हाय.

नको सांगू. मी ओरडलो, नको —

"आमचे साहेब हायेत, माय. ते बी येतेत."

ईश्वरप्पानं हात वर केला. माझ्यासाठी. त्याच्याशेजारी दुसरा. लहान, धुळीनं पांढरा, तो माझ्या —