दोन अंगठ्यांचा हातमोजा

४ जानेवारी

पोचलो एकदाच्या, मी आणि मोल्ते! स्कार्विकला येणारी बस शेवटच्या वळणावर बर्फात रुतली, तेव्हा मोल्तेने माझ्याकडे असं पाहिलं, की या वयात ही काय नवी थेरं काढलीस. चालक उतरला, फावड्याने वाट मोकळी केली आणि परत चढताना तिलाच म्हणाला, "तू कशाला आलीस गं या टोकाला? तंगडी वर करायला इथं एक झाड नाही." ती कुत्री आहे, तंगडी वर करत नाही, असं मी त्याला ऐकवलं. सबंध बस हसली.

घर लाल रंगाचं, लहान, खाडीच्या अगदी वर. समुद्र तेवढा काळा, बाकी सगळं पांढरं. सूर्य नोव्हेंबरात गेलाय तो एकवीस तारखेला परत येणार म्हणे, आणि त्या दिवशी सगळं गाव टेकडीवर जमून गोड पाव खातं. तोपर्यंत दुपारी थोडा वेळ निळसर उजेड मिळेल, त्यातच फिरून यायचं.

घरमालक एलर्ट हाच मासळीच्या धक्क्यावरचा मुकादम. कॉड माशांचा हंगाम तोंडावर आलाय आणि उद्यापासून धक्क्यावरचं कँटीन माझ्या ताब्यात. दरीतलं शेत विकलं, नवरा त्याच्या वाटेने गेला, मूलबाळ झालं नाही. माझं म्हणावं असं एक मोल्ते उरली आहे, आणि ती आत्ता माझ्या पावलांवर डोकं ठेवून घोरते आहे. मला पुरे आहे.

७ जानेवारी

आमची रोजची वाट ठरून गेली. फाटकातून खाली किनाऱ्यावर, तिथून मासे वाळत घालायच्या रिकाम्या मांडवांखालून टोकावरच्या दगडी बुरुजापर्यंत, आणि परत. वारा नसला की इतकं शांत असतं, की मोल्तेच्या पंजांखाली बर्फ करकरतो तेवढाच आवाज. आमच्या दरीत जंगल सतत काहीतरी कुजबुजत असे. इथे नुसता समुद्र, आणि तोही श्वास रोखल्यासारखा. मला आवडतंय.

शेजारच्या घरात आल्फहिल्ड राहते. ऐंशीच्या पुढची, नवरा आणि दीर दोघे समुद्रात बुडालेले. काल गरम वाफल घेऊन आली आणि माझ्या तपकिरी चीजचे काप बघून म्हणाली, "असे जाड काप पाडतेस? म्हणजे पैसेवाली दिसतेस बाई." मोल्ते तिच्या पायाशी लोळली. पिवळट-तांबूस, गुबगुबीत, लाडावलेली माझी बया.

आज परतताना मोल्तेने पाण्याजवळून एक हातमोजा उचलून आणला. जाड लोकर, धुऊन-धुऊन नमद्यासारखी घट्ट झालेली, आणि गंमत म्हणजे त्याला दोन अंगठे! एका बाजूने झिजला की उलटा घालायचा, वल्ही मारणाऱ्यांची जुनी युक्ती. आमच्या दरीत वाटेवर कुणाचा हातमोजा सापडला, की तो जवळच्या कुंपणाच्या खांबावर अडकवून ठेवायचा, म्हणजे ज्याचा त्याला मिळतो. हिवाळाभर आमच्याकडचे खांब हात वर करून उभे असतात. इथे किनाऱ्यावर कुंपणच नाही, म्हणून घरापर्यंत आणला आणि माझ्याच फाटकाच्या खांबावर चढवला.

८ जानेवारी

हातमोजा गेला! मालकाला मिळाला म्हणायचा. रात्री ताजा बर्फ पडला होता आणि त्यावर पावलं स्पष्ट होती, किनाऱ्यापासून थेट माझ्या फाटकापर्यंत. परत जाणारी पावलं मात्र दिसली नाहीत. गेला असेल रस्त्याने.

कँटीनमध्ये कॉड, कलेजी आणि गाभोळी वाढता वाढता मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. एलर्टने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, हातमोजा भरतीने टाकलेल्या शेवाळाच्या ओळीच्या वर होता की खाली? खाली, मी म्हटलं, पाण्याला लागूनच. तेव्हा टेबलाच्या टोकाचा एकजण उठून निघूनच गेला. एलर्ट म्हणाला, "कुणी सांगितलं नव्हतं का तुला? पण सांगणार तरी कोण. तो उचलायचं कुणाच्या मनातच येत नाही इथं."

दुपारी आल्फहिल्डला गाठलं. तिने सरळच सांगितलं. शेवाळाच्या ओळीखाली समुद्र जे ठेवतो ते बुडालेल्यांचं. त्यांचं ते नेतात, आपण बघायचं नाही. मी ते उचललं आणि वर माझ्या दारात टांगलं, म्हणजे ज्याचं होतं त्याला घरी बोलावलं. आता काय करायचं, मी विचारलं. "काही नाही. काही म्हणजे काही करायचं नाही. एक हात झाकला गेला, आता दुसऱ्यासाठी येईल. चार दिवस येईल, मिळालं नाही की कंटाळेल. तू आपली गप्प बस, तोरुन." मी हसले. तिला हसू आलं नाही.

११ जानेवारी

पावलं रोज येतात. फक्त येणारी.

आज खांबावर, हातमोजा अडकवला होता तिथे, बर्फाचा पातळ पापुद्रा होता. बोटं दिसत होती. पाच बोटं, उघडी, ओल्या हाताने खांब धरून कुणीतरी बराच वेळ उभं राहावं तशी. मोल्तेने तो हुंगला आणि कण्हल्यासारखा आवाज केला. मला भीती वाटली, हे कबूल करते. पण भीतीपेक्षा दया जास्त वाटली. या थंडीत एक हात उघडा. कुणाचा तरी मुलगाच असेल ना तो.

आल्फहिल्ड म्हणते काही करू नकोस. काही न करता बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

१३ जानेवारी

दोन संध्याकाळी बसून विणला. दोन अंगठ्यांचा, आल्फहिल्डच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याच्या जुन्या जोडीतला एक आहे तसाच. लोकर कमी पडली, तेव्हा मोल्तेला विंचरून साठवलेली तिची लव पिशवीतून काढली आणि त्यात पिळून घातली. दरीत आम्ही सगळ्या बायका असंच करायचो, कुत्र्याच्या लवेइतकी ऊब कशालाच नाही. साबणाच्या गरम पाण्यात चोळून घट्ट केला. छान झालाय. खांबावर चढवताना म्हटलं, घे बाबा, आता जोड पुरी झाली, जा सुखाने.

१४ जानेवारी

नेला. आज सकाळी कोरा बर्फ, एकही पाऊल नाही. बघा, नीट वागलं की सगळं नीट होतं! मोल्तेला दुपारी कलेजीचा मोठा तुकडा दिला.

१६ जानेवारी

मांडवांपाशी पोचलो आणि मोल्ते दोरीला हिसका देऊन पाण्याकडे धावली. पाण्याच्या काठावर बसली. शेपूट हलत होतं. मान वर करून, डोळे मिटून बसली होती, मी कानामागे खाजवते तेव्हा बसते तशी. तिच्या मानेवरचे केस दबत होते आणि उठत होते. दबत होते, उठत होते. तिथे कुणी नव्हतं.

ओढून घरी आणली. मान ओली होती. जीभ लावून पाहिली, खारट.

धावत आल्फहिल्डकडे गेले आणि हातमोजा विणल्याचं सांगितलं. ती ओरडली नाही. फक्त विचारलं, "लोकर कुठली घातलीस?" मी सांगितलं. तिने कॉफीचा कप खाली ठेवला, तो बशीवर वाजला. मग म्हणाली, "इथल्या बायका नवऱ्याच्या हातमोज्यात स्वतःचे केस विणायच्या गं. का माहीत आहे? ज्याचे केस हातात, त्याची ओढ लागते. माणूस परत घरी यावा म्हणून. पण हा बुडालेला घरी येणारा नाही. तो मोल्तेला आपल्याकडे ओढणार." तुझ्या नवऱ्याच्या हातमोज्यात होते का तुझे केस, मी विचारलं. होते, ती म्हणाली. म्हणून तर मी अजून किनाऱ्यावर उतरत नाही.

१७ जानेवारी

एलर्टला म्हटलं, आत्ताच्या आत्ता मला आणि मोल्तेला गाडीने दरीत सोड. तो लगेच तयार झाला. पण वादळाने घाट बंद केलाय आणि प्रवासी बोटही सुटत नाही. बर्फ काढणारं यंत्र आलं की पहिली गाडी तुझी, असं म्हणाला. कधी येईल? त्याने खिडकीकडे पाहिलं.

मोल्ते खात नाही. दाराशी तोंड करून पडली आहे. मी हाक मारली की कान हलतात, मान वळत नाही.

१८ जानेवारी

खांबावर बदल्यात काय ठेवू, म्हणजे तो हातमोजा परत देईल? लोणी ठेवलं. नवऱ्याची अंगठी ठेवली. माझे सगळ्यात चांगले हातमोजे ठेवले. सगळं तसंच आहे. त्याला ऊब हवी होती, ती मीच तर —

ती दार खरवडते आहे. पंजातून रक्त येतंय. धरून बसले आहे. केवढीशी ही कुत्री, आणि मला आवरत नाही.

१९ जानेवारी

डोळा लागला माझा. बसल्या बसल्या. दार उघडं —

बर्फात तिच्या पंजांचे ठसे. त्यांच्या शेजारी ती पावलं. या वेळी जाणारी. शेवाळाच्या ओळीपर्यंत. तिथून पुढे पाणी.

हाका मारल्या. एलर्ट त्याची होडी घेऊन गेला. काही नाही. मोल्ते, माझी बाय गं.

त्याच दिवशी

माझी वेणी कापली. आल्फहिल्डने नको नको म्हणून हात धरला, मग सोडला, आणि तिनेच कात्रीला धार लावून दिली. विणते आहे. या वेळी लोकर नावालाच. बाबा, मोल्तेची लव तुझ्या हातातून काढ आणि हा घाल. हा जास्त ऊबदार आहे. बघ घालून.

२० जानेवारी

खांबावर चढवला. वाट बघते.

२१ जानेवारी

मोल्ते आली! सकाळी दाराशी होती. ओलीचिंब, थरथरत, पण माझी. माझ्या अंगावर उडी मारली, तोंड चाटलं, भांडंभर मासे खाल्ले. खांबावर माझा हातमोजा नाही. त्याच्या जागी मोल्तेच्या लवेचा ठेवलेला. मी तो चुलीत घातला.

मी रडते आहे. आनंदाने. एवढं लिहिते म्हणजे कुणी वाईट वाटून घेऊ नये.

सूर्य यायचा आहे, सगळं गाव टेकडीवर गेलंय. इथपर्यंत मुलांचं गाणं ऐकू येतंय. आल्फहिल्ड गोड पाव घेऊन येईल आणि मोल्तेला तिच्याकडे नेईल, तसं ठरलंय. आल्फहिल्ड, तिला पाणी कोमट दे. वाफल देऊ नकोस, पोट बिघडतं. कानामागे खाजव, डावीकडे जास्त.

खिडकी एकदम सोनेरी झाली. आला वाटतं सूर्य.

फाटक वाजलं.

मोल्ते दाराकडे बघत नाही. माझ्याकडे बघते आहे. माझ्या मानेकडे.

ओलं आहे. थंड नाही. मला वाटलं होतं थंड असेल — हात किती हळू —

दार मी उघडलं नाही. आता मीच उठले आहे, उभ्यानेच लिहिते. मोल्तेला चुलीच्या पायाला बांधलंय, दोन गाठी मारून. ती माझ्यामागे येईल, मला ठाऊक आहे. आल्फहिल्ड, कितीही रडली, कितीही ओढ घेतली तरी निदान आज तिला