थंडीत मागवलेली गोधडी

४ जानेवारी, रविवार

आज कामावर दात वाजत होते! उगाच म्हणायचं म्हणून नाही, खरोखर वाजत होते. उत्तरेचा वारा सुटलाय. इथे त्याला शमाल म्हणतात. गच्चीवरच्या एसीचे पत्रे हातात धरवत नाहीत, पाना बोटांतून निसटतो. इतकी वर्षं या आखाती देशात लोकांना गार करण्याचा पगार घेतला. आता माझीच पाळी आली!

खोलीत मी एकटा. चार खाटा, तीन रिकाम्या. थंडीत एसीवाल्यांना काम कमी, म्हणून कंपनी याच दिवसांत एकेकाला सुट्टीवर धाडते. माझा नंबर मार्चमध्ये. महिपती आमच्या शेजारच्या गावचा, तोही डिसेंबरात गेला. तो गेल्यापासून, घरचा फोन सोडला तर, तोंडातून मराठी शब्द निघालेला नाही. दिवसभर हिंदी, नाहीतर अरबी यल्ला, खलास. म्हणून इथे लिहीत बसलोय. कागद निदान मराठी समजतो.

५ जानेवारी

खिडकीतल्या एसीच्या चारी अंगांनी वारा आत येतो. हा एसी मीच बसवलेला, त्यामुळे शिव्या कुणाला द्यायच्या तोही प्रश्न! फटीत पुठ्ठे कोंबले, वरून कामावरची चंदेरी टेप मारली. जरा फरक पडला.

नळाचं पाणी तर विचारूच नका. जूनमध्ये याच नळाखाली हात भाजतो. आता बर्फ. अंघोळ रद्द.

६ जानेवारी

मुक्ताला फोन लावला. थंडीचं सांगितलं तर म्हणते, "वाळवंटात कसली आली थंडी? काहीबी सांगता तुमी!" आणि हसली. बायको हसली की बरं वाटतं, माझ्यावर का होईना.

म्हटलं, मायला दे. "झोपल्यात." सकाळी लावला होता तेव्हा शेतात गेली होती. मागच्या शुक्रवारी देवळात. माय एवढी हिंडायला कधी लागली? गुडघ्यांनी तिला अंगणात उतरवत नव्हतं. तसं विचारलं तर मुक्ता म्हणाली, "आता नाही दुखत त्यांचे गुडघे."

चांगलंच की! पण महिना होऊन गेला तिचा आवाज ऐकून. काही फार बोलायचं नसतं मला. 'जेवलास का रे, बाप्पा?' एवढं तिनं म्हटलं की माझं काम झालं. या खोलीत ते ऐकायचंय.

७ जानेवारी

दोन शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर कंपनीचं जॅकेट, डोक्याला कानटोपी. आरशात बघितलं. बुजगावणं! दाखवायला खोलीत कुणी नाही.

८ जानेवारी

एशियन टाउनच्या बाजारात ब्लँकेट घ्यायला गेलो. सगळ्या दुकानांत तोबा गर्दी. नेपाळी, बंगाली, आपले, सगळेच कुडकुडत उभे. ब्लँकेट खलास. हीटर होते, पण आमच्या कामगार कॅम्पात हीटरला बंदी, आग लागते म्हणून. एका दुकानदाराने टॉवेल दाखवले! हे अंगावर घ्या म्हणे.

परत आल्यावर सुचलं. महिपती सोमवारी निघतोय. त्याच्याबरोबर घरून एक गोधडी मागवायची! चेतनला फोन केला. धाकटा भाऊ, कामाला वाघ, पण डोकं वापरायचा कंटाळा. मुक्ता दळायला गेली होती. चेतन म्हणाला, "देतो दादा. नवीच शिवलेली हाय एक. तुझ्यासाठीच ठेवलीय."

माझ्यासाठी? मी यायला मार्च उजाडणार, आणि गोधडी आत्ताच शिवून तयार? म्हटलं, मायला दे. "शेजारी गेलीय." बरं.

पण गोधडी येणार! त्या भरात चहा जास्त झाला, दोनदा केला.

१० जानेवारी

अल रय्यान भागातल्या एका बंगल्यातून तक्रार आली. एसी गरम हवा देत नाही! तिथला ड्रायव्हर राहिल माझ्या ओळखीचा, लखनौकडचा. मालकाला समजावून सांगितलं, साहेब, ही मशीन फक्त गार करते, गरम करायला दुसरी लागते. तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच वारा सोडलाय. राहिलने अरबीत काहीतरी सांगून त्याला शांत केलं.

अंगणात तंबू टाकलेला. आत निखाऱ्यांपाशी मालकाची म्हातारी आई बसली होती, पायांवर जाड पांघरूण. तिने मला हात करून आत बोलावलं, निखाऱ्यांपाशी बसवलं, खजूर दिले, कडक कॉफी दिली. मग काहीतरी विचारलं. राहिल म्हणाला, "पूछ रही हैं, माँ है?" मी म्हटलं, है, गाँव में. तिने पुन्हा विचारलं. राहिल म्हणाला, "कह रही हैं, आज बात हुई?"

नाही म्हणालो तर म्हातारी रागावली! बोट दाखवून बराच वेळ बोलत होती. राहिलच्या भाषांतराची गरज पडली नाही. आई कुठलीही असो, रागावली की कळतं.

बाहेर येताच गाडीच्या आडोशाला उभा राहून फोन लावला. मुक्ताने उचलला. माय झोपलेली. भर दुपारी! म्हटलं, उठव. मला बोलायचंय. तर म्हणाली, "कशाला उठवता, हो," आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. विचारलं, बरं नाही का मायला? "बऱ्या हायेत. त्यांना काहीच तरास नाही आता."

व्हिडिओवर दाखव म्हटलं तर रेंज नाही म्हणे. एवढी वर्षं रेंज होती.

११ जानेवारी

आज सात डिग्री. कामावर सगळ्यांनी हीच चर्चा केली. मी मायचाच विचार करत होतो. दवाखान्यात असेल. मला काळजी नको म्हणून लपवत असतील. असंच असणार. महिपतीला विचारायचं, त्याला खोटं बोलता येत नाही.

१३ जानेवारी

महिपती आज संध्याकाळी पोचणार. सकाळी मुक्ताचा फोन आला. ती कधी आपणहून फोन करत नाही, मिस कॉल देते.

"चेतननं कोणती गोधडी दिली तुमाला?"

म्हटलं, अजून हातात नाही आली, मला काय माहीत?

"ती उघडू नका. ढेकूण झालते तिला. तशीच बांधून ठेवा. मी दुसरी पाठवते."

मी म्हटलं, नव्या गोधडीला ढेकूण? तर फोन कट. नंतर उचललाच नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

काल महिपती आला. दारातच मला मिठी मारली! हा गडी बायकोलाही स्टेशनवर हात जोडून निरोप देणारा. मग गाठोडं माझ्या खाटेवर ठेवलं आणि लगेच अंघोळीला पळाला. त्या पाण्यात! आत कितीतरी वेळ होता. मी दाराबाहेरून विचारलं, माझ्या घरी गेला होतास ना? माय कशी आहे? नळ मोठा केल्याचा आवाज आला.

आज त्याने तिळाचे लाडू काढले. त्याच्या घरचे. माझ्या घरून तिळाचा दाणा नाही. माय दरवर्षी कुणाच्या तरी हाती पाठवते. महिपतीला म्हटलं, आमच्याकडे यंदा केले नाहीत का रे? तो म्हणाला, "खा ना हे," आणि कामाला निघून गेला. त्याची पाळी दुपारची होती.

गाठोडं तसंच आहे. स्वेटर, जॅकेट सगळं घालून बसलोय आणि ऊब समोर बांधून ठेवलीय. हा काय शहाणपणा? ढेकूण चालतील, थंडी नको. उद्या सुट्टी टाकली आहे, ताप आलाय थोडा. उद्या उघडतो.

१५ जानेवारी

माय गेली.

गाठोडं सोडलं. वरच्या अंगाला मुक्ताच्या जुन्या साड्या, बारीक टाके. उलटी केली. आतल्या अंगाला अख्खं मोरपंखी इरकल लुगडं. मायचं. मागच्या सुट्टीत मी घेतलेलं. चेतनच्या लग्नात एकदाच नेसली आणि डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवलं. कुणाला हात लावू द्यायची नाही. अजून त्याला डांबरगोळीचा वास आहे.

आमच्या घरात जितेपणी कुणाचं चांगलं वस्त्र गोधडीत जात नाही. बाबा गेले तेव्हा मायनेच त्यांचं कोरं धोतर आणि पटका काढून दिला होता. पोरांच्या अंगावर बापाची माया राहू दे, म्हणाली होती. ती गोधडी चेतनने आणि मी भांडून भांडून पांघरली.

इरकलावर हात ठेवून किती वेळ बसलो माहीत नाही. हाक मारली तिला. मोठ्याने. खोलीत कुणी नव्हतं, बरं झालं.

महिपती जेवायला आला. माझ्या पुढ्यात गोधडी उलटी पसरलेली बघून दारातच खाली बसला. मग सगळं बोलला. "डिसेंबरात रे, रामेश्वर. मी गावी पोचलो अन् दुसऱ्याच दिवशी. झोपेतच गेल्या, काही तरास झाला नाही. चेतननं अग्नी दिला. वहिनीनं माझे पाय धरले. म्हणाल्या, तिकडं खोलीत एकटेच हायेत, कुणी पाणी द्यायला नाही, कसं सोसतील? मार्चात येतील तवा सांगू. तू आल्यावर तुझ्या अंगावर घालायची म्हणून वहिनीनं शिवली ही. चेतननं गडबडीत हीच उचलून दिली."

कॅम्पात असं बऱ्याच जणांचं झालंय. घरी जातात तेव्हा भिंतीवर फोटोला हार दिसतो. दुसऱ्यांचं ऐकून मी हळहळलो होतो. माझ्या घरात असं होईल हे कधी मनात आलं नाही.

राग आला. फार राग आला! माझी माय, आणि रडायचा दिवस मला दुसऱ्यांनी ठरवून द्यायचा? मी थोरला. तिला पाणी पाजलं नाही, खांदा दिला नाही, अग्नी दिला नाही. ती गेली त्या दिवशी मी कुणाच्या तरी गच्चीवर फिल्टर धूत असेन. आणि मुक्ता! महिनाभर एकटीने रोज खोटं बोलायचं, फोन ठेवायचा, मग रडायचं. तिचाही राग आला आणि तिची दयाही आली. कुणाला काय बोलू?

संध्याकाळी तिचा फोन. "उघडली नाही ना, हो?"

"नाही," म्हणालो.

"जेवलात का?"

"जेवलो."

मग बाहेर वारा वाढला. तीच गोधडी घेतली, इरकल अंगाच्या बाजूला करून पडलो. अंगभर ऊब आली, आणि पुन्हा रडू आलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी एशियन टाउनला न्हाव्याकडे गेलो. सगळं काढ म्हटलं, मिशीसकट. तो वस्तरा हातात धरून बघत राहिला. "भाई, इतनी ठंड में?"

परत आलो. महिपतीला म्हटलं, जरा बाहेर जा. खाटेवर बसलो, कानटोपी काढली आणि मुक्ताला व्हिडिओ कॉल लावला.