बोरावरची नक्षीदार माशी

३ नोव्हें.
लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतो कोण जाणे, वाचणारा मीच. संक्रांतीपासून एक ओळ नाही. हात उठत नव्हता.

नातीच्या, ओवीच्या बोरन्हाणाला अंगणातल्या झाडाची बोरं पुण्याला नेली होती. पोरीच्या डोक्यावर ओतली. एक फुटलं, त्यातली आळी तिच्या फ्रॉकवर वळवळली. विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सोलापूरचा आहेर जिवंत असतो वाटतं." हशा. सुमन, माझी मुलगी, खाली बघत राहिली. तेव्हापासून तिचा फोन नाही. मी लावतो, वाजून वाजून बंद पडतो.

यंदा पुन्हा बोरन्हाण असेल. बोरं द्यायची की नाही?

५ नोव्हें.
बोरं वाटाण्याएवढी. माशी आली, ती आळी हिचीच. घरमाशीहून बारीक, पिवळट. पंखांवर तपकिरी पट्टे. जन्मभर मागावर चादरी विणल्या, पण एवढ्याशा जागेत असं डिझाइन... एक नर बोरावर उभा. आधी एक पंख तिरका करतो, मग दुसरा. दुसरा नर आला की अंगावर धावतो. मानेला रग लागेपर्यंत बघितलं.

शेजारच्या लक्ष्मीअक्का भिंतीवरून, "आप्पा, माशीचं लग्न जमवायलात का?"

६ नोव्हें.
औषध मारायचं नाही, पोरगी तोंडात घालील. नव्या पेठेत मच्छरदाणीचं कापड घेतलं.
"केवढा पलंग हाय, काका?"
"बोराची फांदी हाय."
"लई लाडकी दिसती की!"
एक फांदी बांधली. गाठी अक्कांनी मारल्या.

९ नोव्हें.
झोप नाही. बांधायच्या आधीच मादी टोचून गेली असेल तर? ती मागची सुई सालीत खुपसून अंडी घालते, वर तिळाएवढा डाग. बाहेरून बोर चांगलंच. म्हणजे मी आळीच आत कोंडून...

२ डिसें.
मोकळ्या फांदीची किडकी बोरं बरणीत ठेवलीत, खाली माती. आळी गर खाऊन बाहेर आली, मातीत शिरली. सुमनला फोन. जावई म्हणाले, कामात आहे. मागून ओवीचा आवाज आला. मग फोन बंद.

२३ डिसें.
बरणीत माशी! आधी पंख चुरगळलेले, कोरे. हळूहळू पसरले. मग पट्टे गडद होत गेले. कोणाला दाखवावं कळेना. अक्का बाजारात.

दुपारी लक्षात आलं. गळलेली बोरं मी वर्षानुवर्षं झाडून बुंध्याशी लोटतो, खत होतं म्हणून. म्हणजे माती मीच तिला... सगळी बोरं उचलली. उकळत्या पाण्यात टाकली.

११ जाने.
जाळीतली बोरं तोडली. एक कापलं, स्वच्छ. दुसरं, स्वच्छ. तिसरं घेतलं तर अक्कांनी विळी ओढली.
"सगळी कापली तर पोरीच्या डोक्यावर बिया ओतता का हो?"
खरं आहे. कापल्याशिवाय कळत नाही, कापलेलं पाठवता येत नाही. अक्का भाच्याकडे पुण्याला निघाल्यात. पिशवी दिली. परत मागितली. परत दिली.

१७ जाने.
अक्का आल्या. सुमनने दारातच पिशवी घेतली म्हणे.
"काय म्हणाली?"
"तुमची तब्येत विचारली. मग म्हणाली, आप्पांनी कापून बघितली का?"
"मग तुम्ही?"
"दोन बघितली म्हणाले. खोटं कशाला बोलू?"
"हसली का?"
"पिशवीत बघत होती. आत या म्हणाली, पण माझी गाडी होती."

आणखी काही आठवतंय का, म्हणून दोनदा विचारलं. अक्का वैतागल्या.

रथसप्तमी
बोरन्हाणाचा आज शेवटचा दिवस. फोन उशाशी, आवाज मोठा केलाय. ओतली असतील का? की वेचून बाजूला ठेवली, बाजारची आणली?

दुपार गेली. सुमे, आळी निघाली असली तर निघाली म्हण. रागव. बोरं फेकली असलीस तरी तसं सांग. पण लवकर कळव गं.