हळद लागलेली सीट

देवळाली प्रवरा

प्रिय रवी,

पत्र बघून हसशील. घरात दोन-दोन मोबाईल असताना आक्काला ही अवदसा कुठून आठवली, म्हणशील. फोनवर तू "बरं, बरं" करून ठेवून देतोस, आणि आई माझ्या शेजारीच बसलेली असते. तिच्यादेखत हे बोलता येत नाही. नुसता राग आला असता तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते, तुला माहीत आहे मी कशी आहे ते. पण मला शिसारी आलीय. तुझ्या त्या लेदरच्या सीटांची, आणि खोटं कशाला बोलू, तुझीसुद्धा.

नाना गेल्यावर पिकअप तुझ्याकडे आली. तुझीच आहे, तिला सोन्यानं मढव, लग्न होऊन गेलेली बहीण मी, मधे बोलणारी कोण? गणपती उठले आणि तू ती नागापूरला नेऊन आतून सगळी उसवलीस. ती सलग बाकासारखी सीट होती बघ, नाना स्टेअरिंगला, तू खिडकीशी आणि मधे आई, गिअरच्या दांड्यापासून गुडघे चुकवत बसलेली. ती काढून दोन वेगळ्या खुर्च्या बसवल्यास, सायीच्या रंगाच्या, लाल दोऱ्यानं चौकटी-चौकटी शिवलेल्या. मधे पाण्याची बाटली ठेवायला खोबण. ज्या गाडीतनं कांदा जातो, शेरडं जातात, ऊसतोडीला निम्मी आळी भांड्याकुंड्यांसकट जाते, तिला सायीच्या रंगाच्या सीटा! हौस आंधळी असते म्हणतात, पण नाकानंही अधू असते हे मला नव्हतं ठाऊक. दसऱ्याला आले तेव्हा त्या बंद केबिनमधल्या वासामुळं पाथर्डीच्या स्टँडवरून घरापर्यंत मी काच खाली करून तोंड बाहेर काढूनच आले. जुनी सीट तू गोठ्यामागं टाकून दिलीस. तिच्या फाटक्या रेक्झिनला आईनंच गोणपाटाचं ठिगळ लावलेलं होतं. तिकडं असली की ती त्यावर बसून शेंगा फोडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, रवीनं मला सोफा दिलाय.

दसऱ्याचं तर मी डोळ्यांनी बघितलं. पूजेसाठी म्हणून तूच सीटांवरचं प्लास्टिक काढलंस. झेंडूचा हार झाला, नारळ झाला, आईनं चाकांना, स्टेअरिंगला हळद-कुंकू लावलं. मग तिनं दार पूर्ण उघडून सीटवरनं हात फिरवला आणि हे खरंच कातडं आहे का म्हणून विचारलं. तू कोण ऐटीत सांगितलंस, एकदम ओरिजनल. त्यावर ती म्हणाली, "लई मऊ हाय. जितराब चांगलं पोसल्यालं असंल." हे तू ऐकलंस का रे? की तेव्हाही मोबाईलवर फोटोच काढत होतास? मी ऐकलं, म्हणून तिनं पुढं जे केलं त्याचं मला नवल वाटलं नाही. ओल्या हळदीत हात बुडवून तिनं पाठ टेकायच्या जागी पाच बोटं उठवली, वर कुंकू लावलं, हात जोडले. पोळ्याला बैलाच्या पाठीवर उठवते तशी. आपल्या बसण्यासाठी एक जनावर गेलं, आणि त्याच्यावर तसंच जाऊन टेकायचं, हे तिला कसं जमावं? आख्खी आळी जमलेली असताना तू ओरडलास, "शेण थापायची भित हाय का ही?" ती खुळ्यासारखी पदरानं पुसायला लागली. हळद ती, पुसावी तितकी पसरत गेली. बायका एकमेकींकडं बघत होत्या. मला ओवाळणीचं ताट तिथंच आपटावंसं वाटलं, पण सणाचा दिवस म्हणून दात आवळून आत गेले.

आणि संध्याकाळी तुझे आबासाहेब आले, सोनं द्यायला. निवडणुकीचं वारं सुटलं की ज्यांना आपली वस्ती आठवते ते. चिखलाचे बूट घेऊन बसले त्या सीटवर, तोंडात गुटख्याचा तोबरा. खिडकीतनं थुंकले ते निम्मं बाहेर अन् निम्मं सीटच्या कडेवर. आणि माझा भाऊ, सकाळी आईवर भुंकलेला, खिशातला रुमाल काढून ती पिंक पुसतोय आणि वर हसतोय, असू द्या साहेब, असू द्या. तोच रुमाल घडी घालून परत खिशात ठेवलास. रवी, शप्पत सांगते, मला तिथंच ओकारी यायची राहिली. पुढच्या आठवड्यात तू व्हॉट्सॲपवर फोटो टाकलास, "डाग जात नव्हता, पाठीचं लेदर बदललं, आता ओके." बघितला. आईची बोटं नागापुरात कापून काढलीस. कडेचा गुटखा अजून तसाच आहे, फोटोत दिसतोय.

कोजागिरीनंतर तू आईला माझ्याकडं सोडायला आलास. दारात उसाच्या ट्रॉल्यांची रांग, तिच्यामागं तुझी गाडी थांबलेली. मी पळत गेले तर पुढं तू एकटा, शेजारची खुर्ची मोकळी, आणि आई मागच्या हौद्यातनं फळीला धरून उतरतेय. केसांत धुरळा, पातळाला कांद्याची टरफलं. तू म्हणालास, तिलाच मागं बरं वाटतं. तीही म्हणाली, व्हय गं, म्हागं वारं लागतं. तू चहा न घेताच गेलास.

आल्यापासून ती रोज दोनदा अंघोळ करते. धुतलेलं पातळ वाळलं की माझ्या नाकाशी आणते आणि विचारते, "शेनाचा वास येतो का गं?" पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा. मग रोजच सुरू झालं. तिला कोण काय बोललं ते तिनं सांगितलं नाही, तुझ्या वाईटावर ती कधी बोललीय? पण घरात पातळाचा वास घेणारा एकच आहे. अरे, आपण ऊसतोडीला पाचटाच्या कोपीत राहायचो तेव्हा तुला ताप भरला की तू ह्याच पदरात तोंड खुपसून पडायचास. ती ऊस तोडायला निघाली की पदर सोडायचा नाहीस, नाना तुझी मूठ उकलायचे. तेव्हा काय अत्तराचा वास होता त्याला? तुला आपल्या आईची किळस आली, रवी. हे लिहितानासुद्धा माझा हात घाण झाल्यासारखा वाटतोय.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. आई गोधडी शिवतेय. नानांनी मोहट्याच्या यात्रेतनं आणलेलं हिरवं इरकल, जे तिनं इतकी वर्षं नेसायचं सोडून नुसतं उन्हं दाखवून ठेवलं, ते फाडून. वर अरुंद, खाली रुंद, चारी कोपऱ्यांना बंद. मी म्हटलं, कुणाच्या बाळाची गं, असलं कसलं माप? तर दोरा दातानं तोडत हसून म्हणाली, "रवीच्या शीटाचं. म्या वितीनं मोजून आनलंय. ह्ये टाकलं म्हंजी त्येचं कातडं खराब व्हनार न्हाई, मंग मला फुडं बसता यील." तुझ्यावर रुसून नव्हे रे. तुझी अडचण सोडवल्यासारखं, खुशीत सांगत होती. मी शेण काढायचं निमित्त करून गोठ्यात गेले आणि गाईच्या आडोशाला रडून आले.

वसुबारसेला तिला न्यायला येतो म्हणालास. त्या दिवशी गाईच्या पाया पडून तू तिला घास देशील, म्हणून त्याच्या आत हे पत्र तुझ्या हातात पडावं. गोधडीची एकच कड राहिलीय. ती झाली की आई ती तुझ्या सीटवर अंथरून अंग चोरून बसेल, आणि तू तिला तसं बसू देशील. मला तुझी खात्री आहे, म्हणून मी तिची सुई लपवलीय. ते मी होऊ देणार नाही. तू ये. तुझ्या हातानं पुढचं दार उघड आणि आहे त्या पातळात, आहे त्या हातांनी तिला त्या उघड्या कातड्यावर बसव, आबासाहेबांच्या जागेवर. ते होणार नसेल तर गाडी आणूच नकोस, मी तिला राहुरीच्या स्टँडवरनं एसटीत खिडकीपाशी बसवीन, तिथं तिला कुणी हुंगत नाही. पण जे करायचं ते लवकर कर, बाबा. सुई देव्हाऱ्यामागं आहे. तिला वाटतंय, आपल्या डोळ्यांनीच दगा दिला. सकाळपासून जमीन चाचपत शोधतेय आणि अधूनमधून मलाच विचारतेय.

तुझीच,
आक्का