खुर्ची हलते

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला छापखान्यात सोडलं आणि मधमाश्यांच्या पेट्या वाहणाऱ्या टेम्पोवर चढलो. माश्यांचा पसारा केवढा सांगू... पण ते राहू दे. मुद्रितं तपासायचं काम महिनाभर देऊन बघतो म्हणाले तुझे मालक. माणूस बरा, पण तुझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडत होते आणि तुला पाणी हवं का ते मला विचारत होते! मी समजावलं, हिला सेरेब्रल पाल्सी आहे, मेंदूचे निरोप स्नायूंना वेडेवाकडे पोचतात, म्हणून अंग ताठतं, जीभ अडखळते. डोकं मात्र माझ्यापेक्षा दुप्पट चालतं. आणि खुर्चीत बसताच तू 'खुशी वाटते' म्हणालीस, ते मी सांगितल्यावर कसे फुलले! दुभाषा असावा तर असा.

लोभ आहेच, अधूनमधून रागावतही जा.

तुझा,
भोवरा

ता. ८ मार्च

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

अरे दीडशहाण्या, मी 'खुर्ची हलते' म्हणाले होते! तू एवढा भाव खात होतास, मालक हसत होते, म्हणून मीही मान हलवली. माझंच चुकलं.

आता रोज सकाळी मालक कौतुकाने तीच खुर्ची पुढे करतात. पाय जमिनीला टेकत नाहीत, खुर्ची डुगडुगली की हात उडतो. काल लग्नपत्रिकेतल्या नवरीवरच काट बसली. मालकांनी पाहिलं. पुढच्या सोमवारी बोलू, भावालाही बोलवा, म्हणाले. जमत नाही असंच सांगणार बहुतेक. मला हे काम हवंय रे. वाचताना माझं काहीच अडखळत नाही.

तरी तू येऊ नकोस. लहानपणापासून माझी निम्मी वाक्यं तूच पुरी केलीस. हे मी करीन.

नाक सांभाळ. लोभ जुनाच, राग ताजा.

ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. तिथे नेमकी माशी होती, ते असो. पिशवी भरून निघालोच होतो. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि पिशवी रिकामी केली. जड गेलं. एवढंच सांगतो, त्यांनी वाक्य मध्येच पुरं केलं तर माझ्यासमोर हलवतेस तशी मान हलवू नकोस.

सुजऱ्या कपाळाचा,
भोवरा

ता. १६ मार्च

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

आज मालकांसमोर बसले. पहिल्याच शब्दाला त्यांनी विचारलं, खुशी वाटते ना? मी मान हलवली नाही. पुन्हा सुरू केलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, शेवटी माझ्याकडे. चौथ्यांदा त्यांना कळलं. वाकून खुर्ची हलवून पाहिली आणि कानापर्यंत लाल झाले.

मग काय काय लागेल ते त्यांनी लिहून घेतलं: स्थिर खुर्ची, पायाखाली फळी, कागद धरायला चिमटे, आणि माझं बोलणं संपेपर्यंत कुणी मध्ये न बोलणं. बरोबर आहे ना, म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला. 'स्थिर'मध्ये त्यांनी दीर्घ ई घातली होती. मी पेन्सिल उचलली. गोल अंड्यासारखा आला, पण चुकीवरच आला.

मालकांनी तो शब्द दुरुस्त केला. मग म्हणाले, उद्या जरा लवकर या, अख्खं व्याकरणाचं पुस्तक छपाईला आलंय.

तुझ्या मागच्या पत्रात नऊ चुका आहेत. लोभ आहे म्हणून चारच कळवते.

ताई