दिव्याला वाचून कोण दाखवणार

सिंधुदुर्गनगरी (ओरोस),
दि. १४ जुलै २०२५

ती. जानकी वन्सं यांना शर्मिलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आज सकाळी मी बोलत असताना तुम्ही फोन ठेवून दिलात, म्हणून पत्र. हेही अर्धवट टाकाल, पण निदान टाकलेलं मला दिसणार नाही.

शनिवारी शाळेत काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, गुरुजींनी सांगितलं. तालुक्याहून साहेब आले होते. त्यांनी दुसरीच्या वर्गाला गोष्ट वाचून दाखवायला घेतली, तर देवळात गाऱ्हाणं घालताना गावकरी म्हणतात तसं पोरं एका सुरात 'व्हय म्हाराजा' करायला लागली. माकडाला भूक लागली, व्हय म्हाराजा. ते झाडावर चढलं, व्हय म्हाराजा. साहेबांना वाटलं, आपली टिंगल चाललीय. पुस्तक मिटून त्यांनी गुरुजींना पोरांसमोर झाडलं. आणि सुरुवात कोणी केली, तर आमच्या दिव्याने. तिला हे शिकवलं कोणी, ते विचारायची गरज नाही.

हे बोटीवर आणि मला कचेरी, म्हणून पोर तीन वर्षं तुमच्याकडे ठेवली. तुम्ही तिला रोज रात्री वाचून दाखवता याचं मला कौतुकच होतं. पण पुस्तकातलं सगळं मालवणीत करायचं, मध्ये पदरचं घालायचं आणि वर हा होकार! पुढच्या जूनमध्ये ती इथल्या शाळेत येईल तेव्हा मुलं तिला हसतील, तुम्हाला नाही. सोबत दोन पुस्तकं पाठवली आहेत. छापलंय तसंच वाचा, होकार बंद करा. जमत नसेल तर वाचू नका.

कळावे. लोभ आहेच, तो जरा शिस्तीत असावा.

शर्मिला

*

धामापूर,
दि. १८ जुलै २०२५

चि. सौ. शर्मिला हिस जानकीचा आशीर्वाद. एकच पाठवते. अनेक पाठवले तर तुझ्या क्वार्टरात मावायचे नाहीत.

पुस्तकं पोचली. साहेबाचं मला सांगू नकोस, मी तिथे दारातच उभी होते. शनिवारी घरचं कोणीतरी येऊन वर्गाला वाचून दाखवतं. बाकीच्या आया लावणीच्या चिखलात, म्हणून शाळा सुरू झाल्यापासून मीच जाते. तर तुझा साहेब वाचत होता तो पुस्तकात बघून नाही, फोटो काढणाऱ्याकडे बघून. तरी पोरांनी त्याला मान दिला. मेल्याला तो घेता आला नाही, त्याला मी काय करू?

वाचणाऱ्याला होकार द्यायचा ही या घरची रीत आहे. बाबा वाचायचे तेव्हा मी आणि सर्वेश दर वाक्याला व्हय म्हाराजा म्हणायचो. होकार थांबला की बाबा समजायचे, पोर झोपलं, नाहीतर त्याला कळलं नाही. मग मागे जाऊन परत वाचायचे. तुझा नवरा असं ऐकत ऐकतच बोटीवर साहेब झाला. तेव्हा त्याला कोणी हसलं नाही.

आता तुझं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. रविवारी येतेस, पोरीला मांडीवर घेतेस, एक डोळा पुस्तकात नि दुसरा घड्याळात. पानं गाळतेस. तिला कळत नाही असं वाटतं तुला? परवा मला म्हणाली, "आई मधली पानां गाळता. मी गप रवतंय, नायतर तिची गाडी चुकात." सात वर्षांची पोर तुला सांभाळून घेते, शर्मिले. आणि तू मला शिकवतेस वाचायचं कसं ते.

अधिक काय लिहू? लिहिलंय तेच अधिक झालंय, पण खोडणार नाही.

जानकी

*

ओरोस,
दि. २३ जुलै २०२५

ती. जानकी वन्सं यांना नमस्कार. शिरसाष्टांग घालायची इच्छा नाही, म्हणून नुसताच.

तुमचं पत्र मी कचेरीत उघडलं, ही माझी चूक. त्यानंतर डबा उघडला नाही.

हो, गाळते पानं. परतीची एसटी चुकली तर सोमवारी खाडा पडतो. तुम्हाला वाचायला रात्रभर सवड आहे, मला गाडी येईपर्यंतची. गोष्ट संपली की आई उठते हे दिव्याला कळलंय, म्हणून ती दर पानावर बोट ठेवून बसते, आणि ते बोट मला उचलावं लागतं. हे तुम्ही कधी पाहिलंत? तुम्ही स्वयंपाकघरातून कान लावून बसता, कुठे चुकते म्हणून. आणि मग माझ्याच मुलीच्या तोंडचे शब्द मला मारायला पाठवता. आठवडाभर तुमचं राज्य चालतं, निदान रविवारची माझी मुलगी मला ठेवायची होती.

मी गुरुजींना अर्ज दिला आहे. शनिवारी फक्त आईवडिलांनी वाचावं. साहेबांची धास्ती त्यांनाही होतीच, त्यांनी लगेच मान्य केलं. दुसरं म्हणजे आता जूनची वाट बघत नाही. इथल्या शाळेत दिव्याचा प्रवेश झाला. दुपारी शेजारच्या नर्मदाबाई बघतील. दहा ऑगस्टला तिला न्यायला येते. ह्यांना बोटीवर कळवलं, ते म्हणाले तुमचं तुम्ही बघा. तेव्हा मी बघितलं.

लोभ नसला तरी चालेल, तिचे कपडे धुऊन ठेवावेत.

शर्मिला

*

धामापूर,
दि. ३ ऑगस्ट २०२५

शर्मिला हिस,

आशीर्वाद या खेपेला नाही. खोटा देत नाही मी.

काल पुस्तक घेऊन शाळेत गेले. अर्जाचं तुझ्या पत्रातून कळलं होतं, तरी गेले. म्हटलं, गुरुजी पोरांसमोर नको म्हणणार नाहीत. त्यांनी दारातच अडवलं. मान खाली घालून अडवलं, पण अडवलं. दिव्या पुढच्या रांगेत होती. ती उठून उभी राहिली. गुरुजी बस म्हणाले तेव्हा बसली.  घरी आल्यावर तिला तुझ्याकडे जायचं आहे हे सांगितलं. रात्री पुस्तक उघडलं तर मिटून ठेव म्हणाली.

मी तुझी मुलगी काढून घेतली, असं तुला म्हणायचं आहे ना? घेतली. तिला कांजिण्या आल्या तेव्हा रात्र रात्र कडुलिंबाच्या डहाळ्यांनी वारा कोणी घातला? पहिला दात पडला तो कोणाच्या ओंजळीत? पोर रोज ज्याच्या कुशीत झोपतं त्याचंच होतं. मला ती माझी वाटते. तुझ्या तोंडावर हे कधी बोलले नसते, पण तू मला शाळेच्या दारातून परत पाठवलंस, आता लाज कसली.

ये आणि ने. घरात यायचं नाही. मी तिला स्टॉपवर आणून देईन. चहा एसटी कँटीनला पी.

जानकी

*

ओरोस,
दि. १९ ऑगस्ट २०२५

ती. जानकी वन्सं यांना नमस्कार. वि. वि.

नाइलाज झाला म्हणून लिहिते. समेट करायला नाही.

दिव्याला मी रोज रात्री वाचून दाखवते. एकही पान गाळत नाही. ती हाताची घडी घालून वरच्या पंख्याकडे बघत ऐकते, संपलं की कूस बदलते. शाळेत बाई वाचतात, प्रश्न विचारतात, ही तोंड उघडत नाही. बाईंनी कान तपासून घ्यायला सांगितलं. नेलं. डॉक्टर म्हणाले, कानात काही दोष नाही. मग मीच तिला म्हटलं, दे गो होकार, आतेला द्यायचीस तसा, मी रागावणार नाही. तिने नुसती मान हलवली. माझ्याच क्वार्टरात, माझ्याच मुलीपुढे मी हात जोडायचे तेवढे राहिले होते.

काल जेवताना बोलली. "आते आता कोणाक वाचून दाखयता?" मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हापासून तेच चाललंय. वेणी घालताना तेच, दप्तर भरताना तेच. भाताची दोन शितं खाते आणि तेच विचारते.

कोणालाच नाही असं सांगितलं तर ती इथे राहणार नाही, हे मला कळतं. दिवसभर रडून ताप काढेल आणि मला तिला परत आणून सोडावं लागेल. तुम्हालाही हे कळेल, आणि आनंद होईल. तिला परत न्यायला तुम्हाला एवढं पुरे आहे. तरी तुम्हालाच विचारते, कारण हे दुसऱ्या कोणाला विचारायचं? मी तिला काय सांगू?

शर्मिला

*

धामापूर,
दि. २२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. शर्मिला हिस,

झाला आनंद. लपवत नाही. तुझं पत्र वाचलं, पिशवीत लुगडं टाकलं आणि स्टॉपवर जाऊन उभी राहिले. एसटी आली. कंडक्टर अजय आपल्या वाडीतलाच, त्याने दोनदा हाक मारली. मी चढले नाही. चढले असते तर तिला घेऊनच उतरले असते, आणि ती नाचत आली असती. मग तुझ्या मांडीवर ती जन्मात बसली नसती. माझी साठी उलटून गेली, मी तिला कुठवर पुरणार?

तेव्हा मी सांगते तसं सांग. गुरुजींनी आतेला परत बोलावलं. आता पहिलीची पोरंसुद्धा आणून बसवतात. इतकं वाचावं लागतं की आतेचा घसा बसतो, रात्री पेज पिऊन लगेच झोपते ती. असं सांग. यातलं एक अक्षर खरं नाही. शाळेतून कोणी बोलावलं नाही, आणि तिन्हीसांजेला दिवा लावला की मी उंबऱ्यावर नुसती बसून असते. पण तू बेधडक सांग. ती ऐकेल आणि जेवेल. मग हळूहळू तुझंही ऐकायला लागेल.

हे मी तुझ्यासाठी करत नाही. तू केलंस ते मी विसरणारी नव्हे, दारात गुरुजी आडवे आले ते तुझ्या सहीने आले.

आणखी एक. चवथीला तिला इथे आणू नकोस. सर्वेश नाही, पूजेला वाडीतला कोणी भाईबंद येईल, बाकी गणपतीचं माझं मी करीन. तिला तू आपल्या माहेरी आरोंद्याला ने. इथे आली तर वर्गातली पोरं आरतीला येतील आणि पहिल्याच आरतीला तिला खरं सांगून मोकळी होतील. पुढल्या चवथीलाही आणायचं बघू नको. ती माझं विचारायची थांबली की मग आण.

माझ्यावर लोभ नको, तो सगळा तिला दे.

जानकी