तळ्यात सोडा कोन टाकते?

५ एप्रिल
शेततळं हिरवंगार. पुस्तकात सांगतलं त्याच्या दुप्पट शेण अन् खत टाकलं, म्हणून मासे झटक्यात वाढतीन. दोन हजार रोहू. बायकोच्या, सुभद्राच्या, चार बकऱ्या इकून आणले. दिवाळीले तिले आठ बकऱ्या घेऊन देनार, शब्द देला.

७ एप्रिल
पीएच मोजाचं मीटर आलं. सकाळी ७.९. दुपारी तीनले ९.६! सोड्यानं पीएच चढते, म्हन्जे मधात कोनीतरी सोडा टाकून राह्यलं. मी त्या टाइमले झोपतो हे कोनाले माहीत? शेजारच्या इंद्रभानले.

८ एप्रिल
सकाळी पुन्हा ७.८. म्हन्जे रातभरात पुरावाबी मिटवते. दहावी नापास माणूस, पण डोकं पाहा. आज पहारा.
दुपारी ४ : डोळा लागला. पाच मिनिटं. सुभद्रा म्हने अडीच तास. ९.७.

११ एप्रिल
इंद्रभान स्वतःहून आला. म्हने रंगराव, शेण बंद कर, माह्या विहिरीचं ताजं पाणी सोड. फुकट काऊन देते बे हा? सभ्य शब्दात नाही म्हनलं. सुभद्रा म्हने शब्द सभ्य नव्हते.
पाणी शुद्ध व्हावं म्हणून चुन्याच्या चार गोण्या टाकल्या.

१४ एप्रिल
१०.१. पाण्यावर हिरवी साय. दिवसभर निंबावर बसून पाह्यलं. कोनीच आलं नाही. म्हन्जे जमिनीखालून पाइप आहे.

१५ एप्रिल
दोघाच्या शेतामधला धुरा खोदला. पाइप नाही. खोल असन. कंबर गेली.

१७ एप्रिल
सुभद्रानं मले न विचारता मत्स्य विभागाच्या शाहीन मॅडमले बोलावलं. मॅडम म्हने, शेण-खतानं शेवाळं माजलं. ते उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वायू खाते, म्हणून पीएच चढते. राती श्वास घेऊन तोच वायू परत सोडते, म्हणून उतरते. पीएच चढलेलं पाणी या सायीच्या जहरी शेवाळ्याले मानवते, अन् चुन्यानं तुम्ही आणखी चढवलं. जनावराले पाजू नका. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन संपते, आजच ताजं पाणी सोडा, मासे वाचतीन.
मी इचारलं, मॅडम, तुमची अन् इंद्रभानची ओळख आहे काय? नाही म्हने. लगेच नाही म्हने, हे ध्यानात ठेवलं.
पाण्याचा विचार उद्या करू.

१८ एप्रिल, पहाटे साडेपाच
सारे मासे वर येऊन तोंड उघडून राह्यले.

१८ एप्रिल, संध्याकाळ
सुभद्रा धावत गेली. इंद्रभान लुंगीवरच पंप घेऊन आला, दुपारपर्यंत त्याच्या विहिरीचं पाणी सोडलं. दीडेकशे मासे जगले. बाकीचे तिनं अन् त्यानं टोपल्यात भरले, खड्ड्यात पुरले. मी मीटर धरून उभा होतो.
राती जेवताना सुभद्राले म्हनलं, सोडा कोनीच टाकला नाही, नास मीच केला.
ती म्हने, हे तुमच्याशिवाय साऱ्या गावाले माहीत होतं.